ओतिलियाची माघार

डोन फिदेन्सिओ बारान्को स्वतःच्या पायांनी गिरणीवर आला, तेव्हा रांगेतल्या बायकांनी भिजवलेल्या मक्याच्या आपापल्या बादल्या ओढून घेत त्याला वाट करून दिली. असं सांता ब्रीगिदात कधी होत नसे. त्याच्या घरचा मका घेऊन मोलकरीण यायची, आणि त्याचं कोणाकडे काम असलं की निरोप जायचा, माणसाला बोलावलं जायचं. अठरा वर्षं गावचा कारभार त्याच्याच घरात होता. आधी तो नगराध्यक्ष, मग त्याचा भाऊ, मग पुन्हा तो, मग जावई. मेक्सिकोच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात राजधानीत कोण बसलंय याची कोणी फारशी फिकीर करत नसे. डोन फिदेन्सिओची सकाळ कशी उजाडली, यावर गावाचा दिवस ठरायचा.

ओतिलिया तेपाले कोपरापर्यंत पिठात होती. तिने लगेच यंत्र बंद केलं.

"मुली, यंदा वरून हुकूम आलाय," तो रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसत म्हणाला. "इतक्या गावांतून बायकाच उभ्या करायच्या म्हणे. कायदा झालाय. आमच्या पक्षाच्या वाटणीत आपलं गाव आलंय."

"मग तुमच्या बायकोला, डोन्या आम्पारोंना उभं करा."

"तिच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, कारभार कुठून चढवायचा?"

रांगेतल्या बायका हसल्या. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बारान्को हे नाव आता लोकांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मागच्या खेपेला जावई जेमतेम तरला होता. आता पोस्टरवर असा चेहरा हवा होता, ज्याच्याशी कोणाचं वाकडं नाही.

"तुझ्या हातचं पीठ खाऊन अर्धं गाव मोठं झालं," तो म्हणाला. "तुला नाही म्हणणारं कोण आहे?"

"मला कारभारातलं काय कळतं, डोन फिदेन्सिओ?"

"ते कळणारी माणसं आहेत माझ्याकडे. तू फक्त हसायचं."

"तेच तर जमत नाही मला."

बायका पुन्हा हसल्या आणि या वेळी तोही हसला. तिने रविवारपर्यंत मुदत मागितली. जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. अकरा वर्षांपूर्वी ठेवला होता, तसाच. त्याची माणसं गाडी घेऊन कोपऱ्यावर उभी होती. तो गेला तसं ओतिलियाने यंत्र सुरू केलं आणि पुढच्या बाईची बादली ओढली. 

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. मार्सेलिना ही ओतिलियाची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. ओतिलियाने तिला अंगाखांद्यावर वाढवलं, शाळेत घातलं, तिचं लग्न लावून दिलं. नवरा उत्तरेकडे मजुरीला गेला आणि पोटुशी मार्सेलिना आठव्या महिन्यात बहिणीकडे राहायला आली. फेब्रुवारीतला शनिवार होता. दुपारी तिला रक्त जायला लागलं आणि ते थांबेना. सुईणीने हात पुसले आणि म्हणाली, "हे माझं काम नाही. शहरात न्या, आत्ताच्या आत्ता."

गावात अँब्युलन्स होती. दोन वर्षांपूर्वीच आली होती. बँड लावून, पाद्रीबाबांकडून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून डोन फिदेन्सिओने ती गावाला अर्पण केली होती. ओतिलिया धावत नगरपालिकेत गेली. दारावरचा शिपाई म्हणाला, "गाडी सरकारी कामाला गेलीय. येईल इतक्यात." ती पायऱ्यांवर बसली. इतक्यात म्हणजे किती, हे तिने दोनदा विचारलं. पाऊण तास ती तिथे बसून राहिली. मग मैत्रीण चायोचा नवरा आपली पिकअप घेऊन आला. मागच्या हौद्यात गादी टाकली, गादीवर मार्सेलिनाला निजवलं आणि दोन तासांच्या खडबडीत रस्त्याला ते लागले.

ला पेन्याच्या वळणावर समोरून अँब्युलन्स आली. चायोच्या नवऱ्याने हॉर्न वाजवला, ओतिलियाने हौद्यात उभं राहून दोन्ही हात हलवले. अँब्युलन्सनेही ओळखीचा हॉर्न वाजवला आणि ती धुरळा उडवत गावाकडे निघून गेली.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. तो ओतिलियाच्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "थोडा उशीर झाला." मुलगी होती. मायलेकींना त्याच गादीवर निजवून परत आणलं, तेव्हा गावात बँड वाजत होता. डोन फिदेन्सिओच्या धाकट्या लेकीचा त्या दिवशी पंधरावा वाढदिवस होता, तिकडे तो लग्नासारखा साजरा करतात, आणि सगळं गाव त्याच्या अंगणात जेवत होतं.

चार महिन्यांनी अँब्युलन्सचा ड्रायव्हर नाबोर गिरणीच्या भिंतीला टेकून, पुल्केची दारू पिऊन रडत होता. त्याने सांगितलं. केक आणायला गेलो होतो, डोन्या ओती. पाच मजली केक. शहरातल्या दुकानाने सांगितलं, गारव्यातून न्या, नाहीतर लोणी वितळेल. गारवा फक्त त्याच गाडीत होता. तुम्हाला वळणावर पाहिलं मी. वाटलं, तुम्ही सगळे जत्रेला निघालात.

पण ओतिलियाला स्वतःची जी गोष्ट सलत राहिली, ती वेगळीच होती. दफनाच्या दिवशी डोन फिदेन्सिओ आला होता. शवपेटी त्याच्याकडून होती, पांढरी, पितळी कड्यांची. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "काही लागलं तर सांग, मुली," म्हणाला, आणि तिने मान खाली घालून म्हटलं होतं, "देव तुमचं भलं करो." तेव्हा तिला केकचं ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर ते चार शब्द तिच्या तोंडात कडू होऊन बसले. ती अकरा वर्षं त्याच्या घरचा मका दळत राहिली, एक दिवस न चुकता. डूख धरून बसलेल्या नागिणीसारखी ती बसली होती, आणि गाव तिला गरीब, सोशिक बाई समजत होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर ती त्याच्या घरी गेली. "उभी राहते," ती म्हणाली, "पण एकटीला भीती वाटते. पर्यायी उमेदवार म्हणून माझ्या कोमाद्रेला, चायोला घ्या. ती सोबत असली की मला धीर येईल."

चायो तिच्या मुलाची देवआई होती. मुलगा आता न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात भांडी घासत होता, पण दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणायच्या. डोन फिदेन्सिओने हात झटकला. "पर्यायी कोणीही बाई चालेल. बाईच पाहिजे एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती चायोला घेऊन गेली, तेव्हा त्याच्या वकिलाने, उबाल्दोने, कागद पुढे केले. अर्ज, जन्मदाखला, रहिवासाचा दाखला. सगळ्यात शेवटी त्याने आणखी दोन कागद सरकवले, एक ओतिलियासाठी, एक चायोसाठी. त्यावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने, काही घरगुती कारणांमुळे राजीनामा देत आहे. तारखेची जागा कोरी होती.

"हे काय?" चायोने विचारलं.

"आपल्या घरातला कागद आहे," डोन फिदेन्सिओ म्हणाला. "निवडून आल्यावर माणसाच्या डोक्यात वारं शिरतं. असा कागद कपाटात असला की शिरत नाही."

ओतिलियाने पेन उचललं. "मग समजा, मी उद्याच घाबरले," ती वकिलाला म्हणाली, "तर हा दिला की सुटले मी?"

उबाल्दोला आपलं ज्ञान दाखवायला फार आवडायचं. तो खुर्चीत मागे रेलला. "सुटशील, पण स्वतः तिथे जाऊन, अधिकाऱ्यासमोर बोलून. नुसत्या कागदाने होत नाही. आणि उद्या घाबरलीस तर आम्ही परवा दुसरी उभी करू. मतदानाच्या तीस दिवस आधीपर्यंत चालतं तसं. त्यानंतर घाबरायचं नाही. त्यानंतर नाव बदलता येत नाही, पक्षाची अख्खी यादी उताणी पडते. म्हणून तर बाई घेताना घट्ट काळजाची घ्यावी लागते."

"असं होय," ओतिलिया म्हणाली आणि तिने सही केली.

मतदान दोन जूनला होतं. घरी येऊन तिने गिरणीतल्या कॅलेंडरवर बोटाने मागे मोजलं. तीस दिवस तीन मेला भरत होते, पवित्र क्रूसाच्या दिवशी. तिने तिथे खूण केली नाही. तिला खुणेची गरज नव्हती.

चायोला तिने लगेच सांगितलं नाही. प्रचार सुरू झाला आणि एक नवल घडलं. ओतिलियाला हसता येत नव्हतं, भाषण जमत नव्हतं, पण ती लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि ऐकायची. वरच्या वस्तीतल्या बायकांनी सांगितलं, पाण्याचा टँकर आधी बारान्कोच्या फळबागेत रिकामा होतो, मग आमच्याकडे येतो. सान मातेओ वाडीतल्या एका पोरीने सांगितलं, शाळेचं छप्पर तीन वर्षांपूर्वी उडालं. ओतिलिया मान हलवायची. कबूल काहीच करायची नाही. पण गावाने इतकी वर्षं फक्त कबूल करणारी माणसं पाहिली होती, त्यामुळे ही गप्प बाईच त्यांना खरी वाटायला लागली.

सगळ्यात जास्त विश्वास टाकला तो डोन्या कुकाने. म्हातारी सत्तरीची, एकटी राहायची, रोज पहिली बादली तिची असायची. तिने ओतिलियाचं पोस्टर आपल्या देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं, तळाशी छापलेला पक्षाचा शिक्का कात्रीने कापून टाकून.

एप्रिलच्या शेवटी चायो म्हणाली, "कोमाद्रे, मला वाटतं आपण खरंच जिंकू. जिंकलो की त्याला दाखवून देऊ. टँकर वरच्या वस्तीत पाठवू आधी. त्याच्या बागा वाळू देत."

"आणि तो कपाटातला कागद?"

"कागदाला काय घाबरायचं? आपण स्वतः जायला हवं ना तिथे? नाही जायचं."

"यादीतली बाकी सगळी माणसं कोणाची आहेत? सगळे नगरसेवक त्याचे. मी खुर्चीत बसेन आणि त्याचा हुकूम चालेल. आणि टँकर अडवला तर एखाद्या सकाळी मला ला पेन्याच्या वळणाखाली कोणी शोधायला येईल." ओतिलियाने खिडकी लोटून घेतली. "आणि खरं सांगू, चायो? मला गाव नकोच आहे. मला तो हवाय."

मग तिने सगळं सांगितलं. चायो ऐकत राहिली. तिच्याच नवऱ्याची पिकअप होती ती, तिनेच ती गादी नंतर आठवडाभर धुतली होती. केकचं मात्र तिला आजच कळत होतं.

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू त्याच्या तोंडावर थुंकली असतीस. मग आज मी पोस्टरवर नसते."

"आणि त्या बायका? कुका? त्यांना काय सांगायचं?"

ओतिलियाने यंत्र पुसायला घेतलं. चायो रुसून दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "किती वाजताची बस?"

तीन मेला गवंडी आपल्या अर्धवट भिंतींवर फुलांनी सजवलेले क्रूस उभे करतात आणि मालकाने त्यांना जेवू घालायचं असतं. डोन फिदेन्सिओचं नवं बाजारसंकुल बांधायला घेतलं होतं. तिथे त्याने पाचशे माणसांना मोलेचा रस्सा आणि भात वाढला, फटाके उडवले. मंडपात त्याने ओतिलियाचा हात धरून उंच केला. "ही आपली नगराध्यक्षीण," तो म्हणाला, "आणि तिच्या पाठीशी कोण आहे ते तुम्हाला माहीतच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा हात त्याच्या मुठीत होता आणि समोर त्याचं कुटुंब बसलं होतं. ज्या लेकीचा पंधरावा वाढदिवस होता, तीही राजधानीतून आली होती, कडेवर मूल घेऊन. ओतिलियाने त्या मुलाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. आज कोणाबद्दलही मन पातळ होऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने पहाटेच्या बादल्या दळून दिल्या, गिरणी चायोच्या नवऱ्याकडे सोपवली आणि दोघी सहाच्या बसने जिल्ह्याला गेल्या. निवडणुकीच्या दिवसांत तिथल्या निवडणूक कार्यालयाला सुट्टी नसते. टेबलामागे चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिने दोघींची ओळखपत्रं पाहिली, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्हाला कोणी धमकी दिलीय का? घरातलं, पक्षातलं? बायकांचे राजीनामे आले की आम्हाला हे विचारावंच लागतं. घाबरू नका."

"नाही," ओतिलिया म्हणाली. "आजवर जे केलं ते कोणाच्या ना कोणाच्या सांगण्यावरून केलं. हे माझं आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे ना, आता तुमच्या जागी पक्षाला कोणालाच उभं करता येणार नाही? मुदत काल संपली."

"ठाऊक आहे."

"आणि मतपत्रिका छापून झाल्यात. तुमचं नाव त्यांवर राहील, पण ती मतं धरली जाणार नाहीत."

हे ओतिलियाला ठाऊक नव्हतं.  तरी ती म्हणाली, "राहू दे." दोघींनी सह्या केल्या. मुलीने शिक्के मारले आणि पक्षाच्या कार्यालयाला कळवण्यासाठी फोन उचलला. दोघी बाहेर आल्या, फाटकाजवळच्या बाईकडून हिरव्या मिरचीचे तमाले घेतले आणि बाकावर बसून सावकाश खाल्ले. असं गोड जेवण आपण अकरा वर्षांत जेवलो नाही, असं ओतिलियाला वाटलं.

बस गावात पोचली तेव्हा दुपार झाली होती. गिरणीपुढे डोन फिदेन्सिओची गाडी उभी होती. तो, वकील आणि दोन माणसं. दुपारच्या तोर्तियांसाठी मका घेऊन आलेल्या बायकांची रांगही होती, पंधरा-वीस जणी, आणि कोणी घरी जायला तयार नव्हतं.

"ओतिलिया," तो पुढे येत म्हणाला. त्याने आवाज गोड ठेवला होता. "काय गडबड केलीस, मुली? चल, उबाल्दो म्हणतो तू राजीनामा मागे घेतलास तर अजून मार्ग निघेल. गाडीत बस."

"रांग आहे, डोन फिदेन्सिओ," ती म्हणाली आणि पदर खोचावा तसा एप्रन बांधून यंत्राशी उभी राहिली.

"मी तुझ्याशी बोलतोय."

"ऐकलं मी. एवढ्या बायकांचं झालं की बोलू. बसा ना. येईलच तुमचा नंबर, इतक्यात."

त्याचा एक माणूस पुढे सरकला, तेव्हा बायका हलल्या नाहीत. बादल्या जागच्या जागी राहिल्या आणि त्या माणसाला जायला वाट उरली नाही. उबाल्दो मालकाच्या कानाशी लागला, बाईला दुखवू नका, आज तिची सही लागणार आहे. आणि डोन फिदेन्सिओ उन्हात थांबला. टोपीने वारा घेत, घाम पुसत, पाऊण तास. गल्लीत माणसं जमली. अठरा वर्षांत त्याला कोणासाठी तिष्ठत उभं राहिलेलं गावाने पाहिलं नव्हतं. ओतिलिया एकेक बादली नेहमीपेक्षा बारीक दळत होती.

शेवटची बाई झाल्यावर तिने हात धुतले आणि दारात आली.

"आता सांग," तो म्हणाला. आवाजातला गोडवा संपला होता. "किती दिले तुला त्या विरोधी उमेदवाराने, मास्तर क्रिसोफोरोने?"

"कोणी काही दिलं नाही."

"मग कशासाठी?"

"अँब्युलन्ससाठी."

तो तिच्याकडे बघत राहिला. "कोणती अँब्युलन्स?"

इथे ओतिलियाला पहिल्यांदा धक्का बसला. अकरा वर्षं तिने मनात किती वेळा हा प्रसंग रंगवला होता. तो नाकारेल, तो ओरडेल, तो गयावया करेल. पण त्याला काही आठवतच नाही, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं.

मग तिने त्याला सांगितलं. भरल्या गल्लीत, आवाज न चढवता. तारीख सांगितली, वार सांगितला, पायऱ्यांवरचा पाऊण तास, ला पेन्याचं वळण, हॉर्न, गादी. केकचे पाच मजले आणि त्याच्या आतलं लोणी. मार्सेलिनाचं नाव घेतलं. तिच्या मुलीला नाव ठेवायला वेळच मिळाला नव्हता, हेही सांगितलं. रांगेतल्या दोघीतिघींनी क्रूसाची खूण केली. त्यांतल्या एकीने त्या अंगणात तो केक खाल्ला होता. तिने तोंडावर हात ठेवला.

"मला... मला हे कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हीच पाठवली होती गाडी."

"केकसाठी पाठवली. तुझ्या बहिणीचं मला काय ठाऊक? मी पेटी दिली होती ना?" हे शब्द तोंडातून निघाले आणि आपण काय बोललो ते त्याला गल्लीतल्या चेहऱ्यांवरून कळलं. त्याने आवाज खाली आणला. "ठीक आहे. चूक झाली. माग काय हवं ते. नवी गिरणी देतो. मुलाला परत आणायची सोय करतो. फक्त चल माझ्याबरोबर, मागे घे ते."

"थोडा उशीर झाला," ओतिलिया म्हणाली.

त्याने तिला शिव्या दिल्या. त्या सगळ्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. तुझी गिरणी चालते कशी बघतो, असंही म्हणाला. ती ऐकत उभी राहिली आणि गल्लीने पाहिलं की तिला हसता येतं.

पुढे गोष्टी भराभर घडल्या. उबाल्दोने वरच्या न्यायाधिकरणात अर्ज केला, तो दहा दिवसांत फेटाळला गेला. गिरणीची वीज नऊ दिवस तोडली गेली, खिडकीवर दगड आले, दारावर कोणीतरी काळ्या रंगाने घाण शब्द लिहिला. बायका मका डोक्यावर घेऊन खालच्या गावात दळायला जात होत्या आणि सगळ्याच काही खूश नव्हत्या. दोन जूनला मतदान झालं. मास्तर क्रिसोफोरो हा ढिला, बोलघेवडा माणूस, ज्याने दोनदा आपटी खाल्ली होती, तो नगराध्यक्ष झाला. बारान्कोच्या यादीतला एकही माणूस नगरपालिकेत बसला नाही. मास्तरने टँकर आधी आपल्या मेहुण्याच्या शेतात पाठवला, पण दुसऱ्या फेरीला तो वरच्या वस्तीत जायला लागला. तेवढा फरक पडला.

छापील मतपत्रिकेवर ओतिलियाचं नाव होतंच. मतमोजणीच्या कागदावर तीनशे बारा फुल्या तिच्या नावावर निघाल्या, सगळ्या बाद.

डोन्या कुका महिनाभर गिरणीवर आली नाही. आली तेव्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि तिची पाळी आली तरी बादली पुढे केली नाही.

"त्या तीनशे बारांतली एक मी," म्हातारी म्हणाली.

"माहीत होतं ना तुम्हाला, मी नाही आता?"

"माहीत होतं. तरी मारली फुली."

"मी तुम्हाला काही कबूल केलं नव्हतं, डोन्या कुका."

"नाही केलंस. नुसतं ऐकलंस. तेवढंसुद्धा आमच्याकडे कोणी करायला आलं नव्हतं." तिने बादली ठेवली. "तुझ्या बहिणीचं मला कळतं. माझाही एक भाऊ होता. पण तू आमच्या घरांत बसून त्या बारान्कोची शिकार करत होतीस, हे मला आधी सांगायला हवं होतंस. मी पोस्टर देवाजवळ लावलं नसतं."

 ओतिलियाने म्हातारीचा मका दळला, पीठ हाताने निपटून बादलीत भरलं आणि बादली उचलून दारापर्यंत नेऊन दिली. म्हातारीने ती तिच्या हातातून घेतली, पण आभार मानले नाहीत. पुढेही ती गिरणीवर येत राहिली, पण पहिल्या बादलीसाठी नाही, आणि बोलायची फक्त हवापाण्याचं. ओतिलियाला ते लागलं. चायोने विचारलं, तेव्हा तिने कबूलही केलं की लागलं. पण तीन मे पुन्हा आला असता तर दुसऱ्या दिवशी तिने तीच सहाची बस पकडली असती.

ऑगस्टमध्ये डोन फिदेन्सिओने गाव सोडलं. नव्या लोकांनी जुन्या फायली उघडल्या होत्या. त्यातून निघालं फारसं काही नाही, पण बाजारसंकुल अर्धवट राहिलं, भावाने आपली फळबाग वेगळी करून घेतली आणि चौकातल्या बाकावर तो येऊन बसला की शेजारची माणसं काहीतरी काम आठवून उठायला लागली. हे त्याला सोसेना. लेकीने राजधानीत खोली तयार ठेवली होती. सामानाचा ट्रक गिरणीसमोरूनच जाणार होता, गावाबाहेर पडायला दुसरा रस्ता नाही.

गल्लीतल्या लोकांनी दारं लोटून घेतली. कोणी दयेने, कोणी लाजेने, कोणी उगाच नजरानजर नको म्हणून. ओतिलियाने यंत्र बंद केलं, खुर्ची बाहेर आणून उंबऱ्यापुढे ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली. ट्रकमागून गाडी आली. पुढच्या सीटवर डोन्या आम्पारो सरळ समोर बघत होती. मागे तो होता, टोपी गुडघ्यावर, दाढी वाढलेली. खड्ड्यामुळे गाडी तिच्यापुढे हळू झाली. त्याने तिला पाहिलं. तिनेही पाहिलं आणि पापणी लवू दिली नाही.

"कोमाद्रे, आत चल," चायो दाराआडून म्हणाली. "बरं दिसत नाही."

"मला इथून चांगलं दिसतंय," ओतिलिया म्हणाली आणि गाडी वळणाआड जाऊन धुरळा खाली बसेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.